'गार्गांतुआ': राजाला पैसे 'खाताना' दाखवलं आणि चित्रकार थेट तुरुंगात गेला

मराठीत 'पैसे खाणे' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की तो ऐकताना डोळ्यांसमोर काही चित्र उभं राहत नाही. १८३१ साली पॅरिसमधल्या एका २३ वर्षांच्या तरुणाने ते चित्र खरोखरच काढलं. त्यात पैसे खाणारी व्यक्ती होती फ्रान्सचा राजा लुई-फिलिप.

चित्रकाराचं नाव ओनोरे दोमिए आणि चित्राचं नाव 'गार्गांतुआ'. चित्र दुकानाच्या काचेत लागलं आणि लगेच जप्तही झालं. दोमिएवर खटला चालला, दंड झाला आणि सहा महिन्यांची कैद झाली. आज राजकीय व्यंगचित्रांच्या इतिहासात या चित्राचा उल्लेख टाळता येत नाही. पण त्यात असं होतं तरी काय? राजाला जाड दाखवलं, एवढ्यावर कुणी तुरुंगात टाकतं का?

चित्रात नेमकं काय आहे?

चित्राच्या मधोमध एक अवाढव्य माणूस बसलाय. पोट सुटलेलं, डोकं वर निमुळतं आणि खाली गालांकडे फुगलेलं. त्याच्या उघड्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांबलचक फळी उतरते. या फळीवरून छोटी छोटी माणसं पाठीवर टोपल्या घेऊन वर चढतायत आणि टोपल्यांमधले पैसे राक्षसाच्या तोंडात रिकामे करतायत.

फळीच्या खालच्या टोकाला गरिबांची गर्दी आहे. फाटके कपडे, खंगलेली शरीरं. आपल्याकडची उरलीसुरली नाणी ते टोपल्यांत टाकतायत. त्यांच्यात कडेवर मूल असलेली एक बाईही आहे. फळीच्या मधल्या भागाखाली मात्र वेगळी मंडळी घुटमळतायत. त्यांचे कपडे नीटनेटके आहेत आणि वरून सांडणारी नाणी ती टिपून घेतायत.

सगळ्यात बोचरा भाग राक्षसाच्या मागे आहे. तो ज्यावर बसलाय ते सिंहासन म्हणजे प्रत्यक्षात शौचाची खुर्ची आहे. त्या काळी श्रीमंतांच्या घरी भांडं बसवलेल्या अशा खुर्च्या असत. पोटात गेलेला पैसा खालून बाहेर पडतोय तो कागदांच्या रूपात. हे कागद म्हणजे पदव्या, नेमणुका, सन्मान आणि मानाची पदकं. ते झेलायला खाली छोट्या माणसांची झुंबड उडाली आहे आणि त्यांच्या जवळच फ्रान्सच्या संसदेची इमारत दिसते.

म्हणजे हे केवळ एका माणसाची टिंगल करणारं चित्र नाही. पैसा कुठून निघतो, कुणाच्या पाठीवरून वर जातो, वाटेत कोण हात मारतं आणि शेवटी कुणाच्या पदरात काय पडतं, याचा तो अख्खा नकाशा आहे. राजा त्या यंत्राचा सर्वात मोठा भाग आहे, पण यंत्र त्याच्या एकट्याचं नाही.

नाव 'गार्गांतुआ'च का?

गार्गांतुआ हे नाव फ्रेंच वाचकांच्या ओळखीचं होतं. सोळाव्या शतकातला लेखक फ्रान्स्वा राबले याच्या कादंबरीतला हा प्रचंड खादाड राक्षस. जन्मल्याबरोबर तो 'प्यायला द्या' म्हणून ओरडतो आणि त्याच्या दुधासाठी १७,९१३ गाई लावाव्या लागतात, असं राबलेने लिहिलंय.

राबलेचा राक्षस गमतीशीर आहे, वाचकाला तो आवडतो. दोमिएने त्याची भूक तेवढी उचलली आणि प्रश्न बदलला. एवढं खाणाऱ्याला खायला घालतं कोण?

क्रांतीतून आलेला राजा

लुई-फिलिपवरचा राग समजून घ्यायचा तर चित्राच्या दीड वर्ष मागे जावं लागतं. जुलै १८३० मध्ये पॅरिसची जनता रस्त्यावर उतरली. दहावा शार्ल या राजाने वर्तमानपत्रांवर बंधनं घातली होती आणि मतदारांची संख्या आणखी कमी करायचा घाट घातला होता. तीन दिवसांच्या लढाईनंतर त्याला गादी सोडावी लागली. त्या जागी आला त्याच्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला लुई-फिलिप.

नव्या राजाची प्रतिमा 'आपल्यातला माणूस' अशी होती. तो साध्या पोशाखात, हातात छत्री घेऊन फिरायचा. त्याने 'फ्रान्सचा राजा' ऐवजी 'फ्रेंचांचा राजा' ही पदवी घेतली. १८३०च्या सनदेत तर स्पष्ट लिहिलं होतं की नागरिकांना आपली मतं छापण्याचा हक्क आहे आणि सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही.

प्रत्यक्षात सत्ता कुणाच्या हाती होती? १८३१च्या कायद्यानुसार वर्षाला किमान २०० फ्रँक थेट कर भरणाऱ्या पुरुषालाच मतदानाचा हक्क मिळाला. सुमारे सव्वातीन कोटी लोकसंख्येच्या देशात मतदार होते साधारण १ लाख ६६ हजार. जमीनदार, बँकवाले, कारखानदार आणि बडे व्यापारी आत, बाकी सगळे बाहेर. गंमत अशी की बाहेरचे लोकही कर भरतच होते. मीठ, दारू, तंबाखू अशा रोजच्या वस्तूंवरचा कर गरिबाच्या खिशातूनही जायचाच. तो कर भरल्याने मत मात्र मिळत नव्हतं.

नोव्हेंबर १८३१ मध्ये लिआँ शहरातल्या रेशीम विणकरांनी मजुरीचे किमान दर ठरवून मागत उठाव केला. सरकारने सैन्य पाठवून तो मोडला. ज्या रस्त्यावरच्या माणसांच्या लढाईमुळे हा राजा गादीवर आला होता, त्यांना आपली फसवणूक झाल्याचं कळून चुकलं होतं.

१ कोटी ८० लाखांचा प्रश्न

याच सुमाराला राजाच्या वार्षिक खर्चाचा विषय निघाला. राजा, त्याचं कुटुंब आणि राजवाडे यांच्यासाठी सरकारी तिजोरीतून दरवर्षी ठरावीक रक्कम दिली जायची. लुई-फिलिपसाठी सुमारे १ कोटी ८० लाख फ्रँकची मागणी पुढे आली.

त्या काळी पॅरिसमधल्या साध्या मजुराला दिवसाला दोन-तीन फ्रँक मिळायचे. म्हणजे राजाचा मागितलेला एका दिवसाचा खर्च सुमारे ४९ हजार फ्रँक, साधारण वीस हजार मजुरांच्या दिवसभराच्या कमाईइतका.

राग वाढवणारी आणखी एक गोष्ट होती. लुई-फिलिप मुळातच फ्रान्समधल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक होता. राजा होणाऱ्याची खासगी मालमत्ता राज्याच्या मालमत्तेत जमा व्हायची, अशी जुनी रीत होती. लुई-फिलिपने गादीवर बसण्याच्या दोनच दिवस आधी आपली बहुतेक मालमत्ता मुलांच्या नावावर करून टाकली. घरचं घरात सांभाळलं आणि खर्चाला जनतेची तिजोरी, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. हा पैसा लाच म्हणून मागितला नव्हता. तो संसदेत मांडून, चर्चा करून, कायद्याने मिळणार होता. दोमिएच्या चित्राची धार नेमकी इथेच आहे. चोरून खाणाऱ्यावर टीका करणं सोपं असतं. दोमिए कायदेशीर खाण्याबद्दल बोलत होता. म्हणूनच चित्रात संसदेची इमारत आहे आणि म्हणूनच कागद झेलणारी मंडळी तिच्याजवळ आहेत. मंजुरी देणारे आणि बक्षीस घेणारे एकच असतील तर हिशेब कोण विचारणार?

संसदेत आणि बाहेर बराच गदारोळ झाल्यावर १८३२ मध्ये ही रक्कम १ कोटी २० लाख फ्रँकवर आली.

डोकं पेअरसारखं का?

राक्षसाच्या डोक्याच्या आकाराकडे परत येऊ. तो आकार पेअर या फळाचा आहे आणि त्यामागे एक वेगळं प्रकरण आहे.

शार्ल फिलिपाँ नावाचा चित्रकार-संपादक १८३० पासून 'ला कारिकातुर' हे साप्ताहिक चालवत होता. दोमिएला त्यानेच हाताशी धरलं. राजाचा अपमान केल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर १८३१ मध्ये फिलिपाँ कोर्टात उभा राहिला. तिथे त्याने कागदावर चार रेखाटनं केली. पहिल्यात राजाचा चेहरा आणि पुढच्या प्रत्येक चित्रात तो थोडा थोडा बदलत शेवटी सरळ पेअर. त्याचा मुद्दा असा होता की नुसतं साम्य दिसणं हा गुन्हा असेल, तर बिचारं फळही गुन्हेगार ठरेल. मग कुठे थांबणार?

कोर्टाने त्याला शिक्षा सुनावलीच, पण फिलिपाँ वेगळ्या अर्थाने जिंकला. बोलीभाषेत 'पेअर' म्हणजे बावळट माणूस, असाही अर्थ फ्रेंचमध्ये होता. बघता बघता पॅरिसच्या भिंतींवर पेअर दिसायला लागले. काढायला सोपं, ओळखायला सोपं आणि पकडलं तर 'मी फळ काढलं' म्हणायची सोय. आजच्या भाषेत सांगायचं तर राजाचं मीम झालं होतं. दोमिएने महिनाभरातच तेच डोकं गार्गांतुआच्या धडावर बसवलं.

दगडावरचं चित्र इतकं धोकादायक का?

'गार्गांतुआ' हे लिथोग्राफ आहे, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र. मराठीत याला शिळाछाप म्हणतात. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर चित्रकार तेलकट खडूने चित्र काढतो. मग दगड ओला करतात. तेलकट रेघांवर पाणी ठरत नाही, बाकी दगडावर ठरतं. त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र तयार. जर्मन भाषिक प्रदेशातल्या आलोईस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटी हे तंत्र शोधलं.

तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायला फार वेळ लागायचा. दगडावर मात्र चित्रकार कागदावर काढावं तसं काढू शकायचा आणि झटपट प्रती निघायच्या. हे तंत्र किती वेगाने पसरलं याचा पुरावा मुंबईतही आहे. ज्या १८३१ साली दोमिए 'गार्गांतुआ' काढत होता, त्याच साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापलं.

पॅरिसमध्ये फिलिपाँच्या मंडळींची चित्रं ओबेर यांच्या दुकानात लागायची. विकत घ्यायला पैसे नसले तरी चालायचं, काचेबाहेर उभं राहून बघायला काही लागत नव्हतं. वाचता येणं तर मुळीच गरजेचं नव्हतं. राजाच्या खर्चावर लिहिलेला लेख समजायला अक्षरओळख लागते, वेळ लागतो. पाठीवर टोपली घेऊन फळी चढणारा माणूस मात्र हमालाला एका नजरेत कळतो, कारण तो स्वतःच तिथे असतो. सरकारला धास्ती होती ती या काचेबाहेरच्या गर्दीची.

खटला आणि तुरुंग

डिसेंबर १८३१ मध्ये चित्र जप्त झालं. दगड आणि छापलेल्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. फेब्रुवारी १८३२ मध्ये दोमिए, छपाई करणारा देलापोर्त आणि प्रकाशक ओबेर कोर्टात उभे राहिले. आरोप होता राजाच्या सरकारविरुद्ध द्वेष आणि तिरस्कार पसरवल्याचा आणि राजाचा अपमान केल्याचा.

दोमिएला सहा महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. म्हणजे साध्या मजुराची सहा-सात महिन्यांची कमाई. दोमिए काही पैसेवाल्या घरातला नव्हता. त्याचा जन्म १८०८ साली मार्सेयमध्ये झाला. वडील खिडक्यांच्या काचा बसवायचे आणि कवी व्हायची स्वप्नं पाहायचे. दोमिए लहानपणीच पॅरिसला आला आणि पोरवयातच निरोप्याचं, पुस्तकाच्या दुकानातलं अशी कामं करायला लागला.

शिक्षा लगेच अंमलात आली नाही. पण दोमिए गप्प बसला नाही. ऑगस्ट १८३२ मध्ये त्याचं आणखी एक चित्र आलं. त्यात सरकारी मंडळी फ्रान्सचा तिरंगा धुवून त्यातला क्रांतीचा लाल रंग घालवायचा प्रयत्न करताना दिसतात आणि तो काही जात नाही. त्याच महिन्याच्या शेवटी त्याला उचलून सेंत-पेलाजी तुरुंगात टाकलं. शिक्षेचा शेवटचा काळ त्याने एका खासगी आरोग्यगृहात नजरकैदेत काढला आणि १८३३च्या सुरुवातीला तो सुटला.

शब्द चालतील, चित्र नको

सुटल्यावर दोमिएने सरकारची आणखी कडक हजेरी घेतली. १८३४च्या 'विधिमंडळाचं पोट' या चित्रात सरकारच्या बाजूचे सुस्तावलेले, ढेरपोटे खासदार बाकांवर रांगेने बसलेत. भूक आता एका राजाची उरली नव्हती, ती सभागृहभर पसरली होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसमधल्या दंगलीच्या वेळी सैनिक रू त्रांस्नोनँ या रस्त्यावरच्या एका इमारतीत घुसले आणि त्यांनी रहिवाशांना मारून टाकलं. दोमिएने त्यावर काढलेल्या चित्रात विनोदाचा मागमूस नाही. पलंगाशेजारी रात्रीच्या कपड्यात पडलेला एक माणूस आणि त्याच्या अंगाखाली मेलेलं लहान मूल, बस.

जुलै १८३५ मध्ये फिएस्की नावाच्या माणसाने पंचवीस नळ्यांच्या बंदुकीने राजावर हल्ला केला. राजा वाचला, पण १८ जणांचा जीव गेला. सरकारने संधी साधली. सप्टेंबर १८३५ मध्ये नवे कायदे आले आणि कुठलंही चित्र छापण्याआधी परवानगी घेणं बंधनकारक झालं.

पण सनदेत तर सेन्सॉरशिप कधीच येणार नाही असं लिहिलं होतं. त्यावर सरकारने पळवाट काढली ती अशी: सनदेने मत छापायचं स्वातंत्र्य दिलंय आणि मत म्हणजे शब्द. चित्र हे मत नाही, ती कृती आहे, कारण ते थेट डोळ्यांवर आघात करून माणसाला भडकवतं. म्हणून लेख छापायला आधी परवानगी लागत नव्हती, चित्राला लागत होती. शिकलेल्यांच्या माध्यमाला एक नियम आणि न शिकलेल्यांनाही कळणाऱ्या माध्यमाला दुसरा.

मग दोमिएने काय केलं?

'ला कारिकातुर' बंद पडलं. पण फिलिपाँने १८३२ अखेरीस 'ल शारिवारी' हे दैनिकही सुरू केलं होतं. शारिवारी म्हणजे नावडत्या माणसाच्या दारात भांडी बडवून केलेला गोंगाट. दोमिए त्यात काढत राहिला, फक्त त्याने मोर्चा राजाकडून समाजाकडे वळवला.

१८३६ पासून त्याने रोबेर माकेर नावाच्या भामट्याची मालिका केली. हा माकेर कधी बँकवाला होतो, कधी वकील, कधी डॉक्टर, तर कधी बोगस कंपनीचे शेअर विकणारा. राजाचं नाव कुठेच नाही, पण ज्या पैसेवाल्या वर्गावर राजाची गादी टेकली होती, तो वर्ग प्रत्येक चित्रात आहे. पुढे वकील-न्यायाधीश, घरमालक-भाडेकरू, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचे प्रवासी असं सगळं पॅरिस त्याच्या हातून उतरलं. आयुष्यभरात त्याने सुमारे चार हजार लिथोग्राफ केले.

'शारिवारी'चा गोंगाट पॅरिसपुरता राहिला नाही. १८४१ साली लंडनमध्ये 'पंच' सुरू झालं तेव्हा त्याने 'द लंडन शारिवारी' असं उपनाव घेतलं आणि त्या 'पंच'च्या धर्तीवर पुढे मुंबईतून 'हिंदी पंच' निघालं.

मागे काय उरलं?

'गार्गांतुआ'वर तेव्हाही अश्लीलतेचा आक्षेप घेता येत होता आणि आजही घेता येईल. राजाने शेवटी मूळ मागणीपेक्षा बरीच कमी रक्कम घेतली आणि त्यातला बराच पैसा राजवाड्यांच्या देखभालीवर जायचा, हेही खरं. व्यंगचित्र सगळ्या बाजू मांडत नाही. ते एकच प्रश्न विचारतं, पण असा विचारतं की विसरता येत नाही. करदात्यांपैकी बहुतेकांना मतच नाही, मग त्यांच्या पैशाचा हिशेब कुणी विचारायचा?

या प्रश्नाचं उत्तर लुई-फिलिपच्या सरकारने शेवटपर्यंत टाळलं. मतदानाचा हक्क वाढवावा ही मागणी १८४० नंतरही फेटाळली जात राहिली. फेब्रुवारी १८४८ मध्ये त्याच मागणीवरून पॅरिस पुन्हा पेटलं, राजा इंग्लंडला पळाला आणि काही आठवड्यांत फ्रान्समधल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. मतदारांची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती, ती ९० लाखांवर गेली. स्त्रियांना मात्र आणखी जवळपास शंभर वर्षं थांबावं लागलं.

दोमिए १८७९ साली वारला, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. 'गार्गांतुआ'च्या प्रती नष्ट करायचा आदेश पूर्णपणे पाळला गेला नाही. मोजक्या प्रती वाचल्या आणि त्यातली एक आज पॅरिसमध्ये, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, सरकारी खर्चाने जपून ठेवलेली आहे.